बस, पाऊस आणि भूत : मणी कौल यांच्या पहिल्या तीन चित्रपटांवरच्या वादाची प्रस्तावना

‘उसकी रोटी’मध्ये काय घडतं ते चार ओळींत सांगून होतं, आणि भांडणाला तिथेच तोंड फुटतं. पंजाबातल्या एका खेड्यातली बालो नवऱ्याचं जेवण बांधून घेऊन सडकेवर येते. नवरा सुच्चासिंग बसचालक. बस थांबली की तिने जेवण त्याच्या हाती द्यायचं, त्याने ते घेऊन पुढे जायचं. घरी तो आठवड्यातून एकदाच येतो. बाकीचे दिवस कुठे आणि कुणाच्या सोबतीत जातात, हे तिला ठाऊक आहे. एके दिवशी गावातला एक माणूस तिच्या धाकट्या बहिणीच्या वाटेला जातो, त्या गोंधळात बालोला निघायला उशीर होतो. सुच्चासिंग रागावतो आणि जेवण न घेताच गाडी हाकतो. मग ती तिथेच रस्त्याच्या कडेला रात्रीपर्यंत उभी राहते. मोहन राकेश यांच्या मूळ कथेतही यापेक्षा फार काही घडत नाही. पण कथा एका बैठकीत वाचून संपते आणि चित्रपट जवळपास दोन तास चालतो.

या दोन तासांचं काय करायचं, यावर १९६९ पासून वाद चालू आहे. एका बाजूचं म्हणणं असं की त्या दोन तासांत पाहणाऱ्याला पहिल्यांदा कळतं, वाट पाहणं म्हणजे नेमकं काय. दुसरी बाजू म्हणते की कंटाळा दाखवण्यासाठी प्रेक्षकाला कंटाळा आणणं ही कला नव्हे. दोन्ही बाजूंनी शहाणी, सिनेमावर जीव असलेली माणसं बोलली आहेत. म्हणूनच हा वाद एकत्र करून वाचण्यासारखा आहे. पुढच्या पानांत मणी कौल यांच्या पहिल्या तीन चित्रपटांविषयीची, ‘उसकी रोटी’ (१९६९), ‘आषाढ का एक दिन’ (१९७१) आणि ‘दुविधा’ (१९७३) यांच्याविषयीची, अनुकूल आणि प्रतिकूल मतं शेजारी-शेजारी ठेवली आहेत.

मी कोणत्या बाजूची, ते आधीच सांगून टाकते. ‘उसकी रोटी’ मला भारतीय सिनेमातल्या मोजक्या मोठ्या कृतींपैकी एक वाटते. ‘आषाढ’मधला निम्मा भाग मला फार आवडतो आणि उरलेल्या निम्म्यात मी अडखळते. ‘दुविधा’बद्दल माझं मत आजवर दोनदा बदललं आहे. असं तीन ठिकाणी तीन तऱ्हेने वाटणं हाच या प्रस्तावनेचा मुद्दा आहे. कौल यांचे भक्त आणि टीकाकार दोघेही बहुतेक वेळा ‘मणी कौल यांचा सिनेमा’ नावाच्या एकाच गोष्टीबद्दल बोलतात: संथ, भावशून्य, अवघड. प्रत्यक्षात ते तीन वेगवेगळे चित्रपट आहेत. पहिला जवळजवळ मुका आहे. दुसऱ्यात शब्दांखेरीज फारसं काही नाही. तिसरा रंगांचा आणि लोककथेचा आहे. एकावरचा आक्षेप दुसऱ्यावर चिकटवला की तो सुटून पडतो, आणि कौतुकाचंही तसंच होतं. पण गेल्या पन्नास वर्षांत हे चिकटवणं इतकं झालं आहे की मूळ चित्रपट त्याखाली दिसेनासे झाले.

‘कल्ट’ हा शब्द मराठीत आता सर्रास वापरला जातो. गल्ला न जमवलेल्या, पण थोड्या लोकांनी जिवापाड जपलेल्या चित्रपटाला आपण कल्ट म्हणतो. कौल यांच्या बाबतीत हा शब्द खराही आहे आणि घातकही. शब्दातला मूळ अर्थ पंथाचा आहे, आणि पंथ झाला की दीक्षा आली, दीक्षा न घेतलेला बाहेरचा ठरला. या चित्रपटांवर आक्षेप घेणाऱ्याला अनेकदा ‘तुला कळलंच नाही’ एवढंच उत्तर मिळालं. त्याने कौल यांचं जितकं नुकसान झालं तितकं कुठल्याही कडव्या परीक्षणाने झालं नसेल.

थोडी पार्श्वभूमी. मणी कौल यांचा जन्म २५ डिसेंबर १९४४ चा, जोधपूरचा. घराणं काश्मिरी पंडितांचं. काका महेश कौल हिंदी चित्रपटसृष्टीतले नावाजलेले दिग्दर्शक, म्हणजे धंद्याचा सिनेमा घरातच होता. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून ते १९६६ मध्ये बाहेर पडले. कुमार शहानी, जॉन अब्राहम, छायालेखक के. के. महाजन हे त्यांचे त्या काळातले सोबती. आणि शिक्षक होते ऋत्विक घटक. घटक तिथे फार काळ टिकले नाहीत, पण त्या थोड्या दिवसांत त्यांनी जी पोरं घडवली ती पुढे आयुष्यभर ‘घटकांचे विद्यार्थी’ म्हणूनच ओळखली गेली.

इथेच वादातला एक जुना मुद्दा येतो. घटकांचा सिनेमा टाहो फोडतो. तिथे मेलोड्रामा लपवलेला नाही, उलट उगारलेला आहे. मग त्यांचा हा विद्यार्थी इतका कोरडा कसा? त्याच्या पात्रांचे आवाज चढत का नाहीत? काहींनी याला गुरुद्रोह म्हटलं आणि बोट फ्रान्सकडे दाखवलं. रोबेर ब्रेसाँ आणि त्यांचा ‘पिकपॉकेट’ कौल यांच्या मनात खोल रुजला होता, आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. ब्रेसाँ नटांकडून अभिनय काढून घ्यायचे. वाक्य सपाट बोलायला लावायचे, हातांकडे आणि वस्तूंकडे कॅमेरा वळवायचे. ‘उसकी रोटी’तही हात आहेत, पीठ मळणारे, काही न करणारे. तेव्हा उसनवारीचा आरोप वरवर पाहता पटतो.

पण घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ पुन्हा आठवावा. त्यात नायिका नीता जिना उतरते तेव्हा चाबकाचे फटके ऐकू येतात. पडद्यावर चाबूक कुठेच नाही. आवाज चित्राच्या मागे नोकरासारखा चालत नाही, तो स्वतःच्या पायांवर येतो. कौल यांनी गुरूकडून जे घेतलं ते हे. टाहो घेतला नाही. चित्र, आवाज, शब्द ही एकमेकांची चाकरी करणारी माणसं नाहीत, ती एका घरात राहणारी स्वतंत्र माणसं आहेत, हा धडा त्यांनी घेतला आणि तो तिन्ही चित्रपटांत निरनिराळ्या रीतीने गिरवला. ब्रेसाँ नंतर आले. मला हे म्हणणं उसनवारीच्या आरोपापेक्षा जास्त पटतं.

पैशाचाही संबंध आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने साठचं दशक संपता-संपता नव्या दिग्दर्शकांना कर्ज द्यायला सुरुवात केली. १९६९ हे त्यातलं लक्षात राहिलेलं वर्ष: मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’, बासू चटर्जींचा ‘सारा आकाश’ आणि कौल यांचा ‘उसकी रोटी’. तिघांचा छायालेखक एकच, के. के. महाजन. एकाच माणसाच्या डोळ्यांतून एकाच सुमारास असे तीन वेगळे चित्रपट निघाले, यावरून कळावं की ‘नवा सिनेमा’ ही कधीच एकजिनसी गोष्ट नव्हती. ‘भुवन शोम’ लोकांनी उचलून धरला. ‘उसकी रोटी’ला मात्र चित्रपटगृहांत जागा मिळणं दुरापास्त झालं. लोकप्रिय वृत्तपत्रांनी त्याच्यावर झोड उठवली. जाणकारांनी बाजू घेतली, फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही मिळाला, पण मिळालेल्या मानाने राग आणखी वाढला. सरकारी पैसा, म्हणजे लोकांचा पैसा, लोकांना न समजणाऱ्या गोष्टीवर का उधळायचा? हा प्रश्न पुढे संसदेपर्यंत गेला. १९७६ मध्ये सार्वजनिक उपक्रमांविषयीच्या संसदीय समितीने महामंडळाच्या या धोरणावर ताशेरे ओढले. तेव्हा सुरुवातीच्या मतांमधला कडवटपणा निव्वळ सौंदर्यदृष्टीचा नाही. त्यात हिशेब आहे, आणि तो हिशेब मागण्याचा हक्क लोकांना होता, हे मी मान्य करते. उत्तर मात्र तिकीटखिडकीवरच मागायला हवं होतं असं मला वाटत नाही.

मराठी वाचकाला या वादाची चव ओळखीची वाटेल. ‘काही घडतच नाही’ हा आरोप आपण नवकथेवर ऐकला आहे. गंगाधर गाडगीळांच्या कथा वाचून कथानक कुठे गेलं असं विचारणारे वाचक होते. मर्ढेकरांच्या कवितेला दुर्बोध म्हणणारे होते, पुढे ग्रेस यांच्या कवितेलाही. दुर्बोधतेवर आपल्या नियतकालिकांत जितकी शाई वाहिली तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर वाहिली असेल. मोहन राकेश हे हिंदीतल्या ‘नयी कहानी’चे, म्हणजे आपल्या नवकथेच्या नात्यातल्याच चळवळीचे लेखक. कौल यांनी त्यांची कथा निवडली तेव्हा साहित्यात मिटत आलेलं भांडण त्यांनी सिनेमात नव्याने उभं केलं. फरक इतकाच की कविता कळली नाही तर पान उलटता येतं. अंधाऱ्या सभागृहात ओळीच्या मधोमध बसलेल्या माणसाला ती सोय नसते, आणि त्याचा राग म्हणून वेगळा असतो.

आता माझ्या घरातलं एक मत, कारण या पानांमधल्या कुठल्याही विद्वान आक्षेपापेक्षा त्याने मला जास्त विचार करायला लावलं. माझे मामा एस.टी.त चालक होते. मुक्कामी गाडी असली की मामी डबा भरून फाट्यावर जायची आणि त्या बाजूला जाणाऱ्या गाडीच्या वाहकाकडे द्यायची. कधी मामांचीच गाडी तिथून जायची, मग थेट हातात. काही वर्षांपूर्वी मी तिला ‘उसकी रोटी’ लावून दिला. तिला कंटाळा येईल अशी माझी समजूत होती. तो आला नाही. तिने जवळजवळ अर्धा चित्रपट एकटक पाहिला आणि मग म्हणाली, “ही एवढी स्वस्थ कशी उभी गं? फाट्यावर उभं राहिलं की डोकं थाऱ्यावर नसतं. भाजी गार झाली, घरी दूध उतू जात असेल, हा ओळखीचा माणूस काय म्हणेल, गाडी गेली की काय... हे सगळं चालू असतं. ही नुसती चित्रासारखी.”

चित्रासारखी. हा शब्द तिने सहज वापरला, पण तो नेमका होता. कौल यांनी बालोच्या चौकटी अमृता शेरगिल यांच्या चित्रांवरून रचल्या होत्या. शेरगिल यांच्या त्या खाली पाहणाऱ्या, हात मांडीवर ठेवून बसलेल्या, कशाची तरी वाट पाहत आहेत की नाहीत हेही न कळणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आणल्या की बालोचं उभं राहणं कुठून आलं ते उमगतं. आणि मामीने जो प्रश्न विचारला, मनातली घालमेल कुठे आहे, त्याचं उत्तर कौल यांनी अभिनयात ठेवलेलंच नव्हतं. ते भिंगांत ठेवलं होतं.

हा भाग थोडा तपशिलाने सांगायला हवा. संपूर्ण चित्रपटासाठी त्यांनी मुख्यतः दोन भिंगं ठरवली, २८ मिलिमीटरचं आणि १३५ मिलिमीटरचं. पहिलं रुंद: जवळचा हात, मागची भिंत, त्यामागचं शेत, सगळं एकाच वेळी लख्ख दिसतं. दुसरं लांबचं: एक चेहरा स्पष्ट, त्याच्या मागचं-पुढचं जग विरघळून धूसर. एक भिंग बालोच्या प्रत्यक्ष जगण्यासाठी, दुसरं तिच्या मनातल्या जगासाठी. आणि चित्रपट पुढे सरकतो तशा त्यांच्या जागा हळूहळू अदलाबदल होतात. शेवटाकडे येईपर्यंत समोर दिसणारी बस खरोखर आली आहे की तिला वाटते आहे, हे पाहणाऱ्याला ठामपणे सांगता येत नाही. दिवसभर एका जागी उभं राहिल्यावर माणसाच्या डोक्यात जे होतं, ते असं डोळ्यांत उतरवलं आहे.

टीकाकारांचा यावरचा प्रश्न रास्त आहे: भिंगांचं हे गणित प्रेक्षकाला ठाऊकच नसेल तर त्याचा उपयोग काय? माझ्यापाशी अर्धंच उत्तर आहे. मैफलीत बसलेल्या श्रोत्याला वादी-संवादी सांगता येत नाहीत, तरी राग बदलला की त्याच्या अंगाला ते कळतं. पुढे झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकणाऱ्या कौल यांना हे उत्तर बहुधा चाललं असतं. पण मैफलीला जाणारा ऐकण्याची तयारी करून जातो. मामी त्या तयारीने बसली नव्हती, आणि तरीही तिला काहीतरी जाणवलं. ते तिला अपुरं वाटलं. या आक्षेपाचं पूर्ण निरसन मला आजही करता येत नाही, आणि तरीही शेवटची पंधरा मिनिटं पाहताना माझा श्वास अडकतो.

‘आषाढ का एक दिन’कडे मराठी माणसाने जरा जास्त आपुलकीने पाहायला हवं. मोहन राकेश यांचं १९५८ चं नाटक: कवी कालिदास गाव सोडून उज्जयिनीला जातो, मोठा होतो, आणि त्याने मोठं व्हावं म्हणून त्याला जायला लावणारी मल्लिका डोंगरातल्या त्या घरात हळूहळू संपत जाते. चित्रपटात मल्लिका झाल्या आहेत रेखा सबनीस आणि कालिदास झाले आहेत अरुण खोपकर. पुढे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ लिहून मराठीत सिनेमावरच्या लेखनाची पातळीच बदलून टाकणारे तेच खोपकर. कालिदासाचा प्रतिस्पर्धी विलोम याच्या भूमिकेत ओम शिवपुरी. सबनीस आणि खोपकर ही पुण्या-मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीच्या अंगणातली माणसं, आणि तरी या चित्रपटावर मराठीत फार कमी बोललं गेलं.

या चित्रपटावर आलेले दोन आक्षेप एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकांचे आहेत, आणि दोन्ही त्याच काळातले आहेत. रंगभूमीवरचे लोक म्हणाले की नाटकाचा जीव घेतला. संवादांत जो ताण होता, तो सपाट उच्चारांनी निपटून काढला. सिनेमावाले म्हणाले की हा सिनेमाच नाही, कॅमेऱ्यासमोर वाचलेलं नाटक आहे. एकाला त्यात नाटक उरलेलं दिसलं नाही, दुसऱ्याला नाटकाखेरीज काही दिसलं नाही. हे दोन्ही आक्षेप सलग वाचले की चित्रपट नेमका कुठल्या अरुंद कड्यावर उभा आहे ते कळतं. कौल यांनी संवाद आधी ध्वनिमुद्रित करून घेतले आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवले. त्यामुळे नटाला आवाज फेकायची गरजच राहिली नाही. शब्द तोंडातून निघाल्यासारखे वाटत नाहीत. खोलीत आधीपासून असल्यासारखे वाटतात, दरीतल्या धुक्यासारखे.

ज्या निम्म्या भागावर माझा जीव आहे तो मल्लिकेचा. कालिदासासाठी तिने कोऱ्या पानांची पोथी शिवून ठेवली आहे, त्याने त्या पानांवर महाकाव्य लिहावं म्हणून. इतक्या वर्षांत ती पानं तिच्याजवळच राहिली, आणि परतलेला कालिदास ती हातात घेऊन पाहतो तेव्हा ती कोरी राहिलेली नाहीत. डागांनी, घामाने, आसवांनी आधीच भरलेली आहेत. रंगमंचावर हा प्रसंग सहज हुंदक्याचा होऊ शकतो. इथे आवाज चढत नाही आणि त्यामुळे पानांकडेच लक्ष जातं. पण विलोम आला की मी अडखळते. शिवपुरी हे रंगभूमीवरचे कसलेले नट, त्यांच्या अंगातली ऊब चौकटीत शिरते, चित्रपट एकदम जिवंत होतो आणि दिग्दर्शकाने स्वतःच घातलेला नियम मोडतो. मला तो नियम मोडलेला आवडतो. मग बाकीच्या वेळी तो पाळण्याचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न पडतो. चित्रपटाच्या चाहत्यांनी या प्रश्नाला आजवर बगलच दिली आहे.

‘दुविधा’च्या वादात सगळ्यात मोठं नाव आहे सत्यजित राय यांचं. १९७१ मध्ये त्यांनी फिल्मफेअरमध्ये नव्या लाटेवर लेख लिहिला आणि ही लाट कितपत नवी आहे अशी शंका घेतली. १९७४ मध्ये दुसऱ्या लेखात त्यांनी ‘गर्म हवा’, ‘अंकुर’, कुमार शहानींचा ‘माया दर्पण’ आणि ‘दुविधा’ हे चित्रपट शेजारी ठेवून तपासले. दोन्ही लेख ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ या १९७६ च्या पुस्तकात आहेत. पहिल्या दोन चित्रपटांतली माणसं त्यांना भावली. शहानी आणि कौल यांच्याबाबत मात्र त्यांचा सूर कडक होता. ही सौंदर्यदृष्टी त्यांना फार नाजूक, भरकटलेली आणि रक्तहीन वाटली. कौल यांच्या चाहत्यांनी हा लेख वर्षानुवर्षं अपराधासारखा मिरवला: बघा, रायसुद्धा चुकले! विरोधकांनी तो दाखल्यासारखा वापरला: बघा, राय काय म्हणाले! लेख नीट वाचणारे दोन्हीकडे थोडेच. राय यांची भीती अशी होती की प्रेक्षक सुटला तर गरीब देशातला हा छोटा सिनेमा तगणार नाही. ज्याने स्वतः ‘पथेर पांचाली’साठी वर्षानुवर्षं पैशांची वणवण केली, त्याच्या तोंडी ही भीती मला खरी वाटते.

विजयदान देथांची मूळ राजस्थानी कथा अशी. शेठचा मुलगा लग्न करून वधूला घेऊन निघाला आहे. वाटेत तिला रानातली ढालूची लाल फळं खावीशी वाटतात. तो म्हणतो, ही गावंढळांची फळं. तो हिशेबात बुडालेला आहे आणि दुसऱ्याच दिवशी पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. वाटेवरच्या झाडावर राहणारं भूत वधूच्या रूपावर भाळतं, नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं, आणि तिला मात्र खरं काय ते सांगून टाकतं. निर्णय तिच्यावर सोडतं. तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी काही विचारलेलं असतं. ती होकार देते. मूल होतं, खरा नवरा परततो, आणि एक धनगर युक्तीने भुताला पाण्याच्या कातडी पिशवीत कोंडतो.

कौल यांनी हा चित्रपट देथांच्या बोरुंदा गावीच चित्रित केला. छायालेखन नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांचं, वधू झाली चित्रकार अकबर पदमसी यांची मुलगी रईसा, नवरा आणि भूत रवी मेनन. पदमसींनी नेहरू पाठ्यवृत्तीच्या पैशांतून मुंबईत उभ्या केलेल्या कार्यशाळेशी कौल यांचा निकटचा संबंध होता, आणि चित्रकारांच्या त्या संगतीचा ठसा प्रत्येक चौकटीवर आहे: चुन्याची पांढरी भिंत, लाल ओढणी, मध्येच गोठून स्थिर होणारं चित्र. बोलणारी पात्रं जवळजवळ नाहीत, निवेदक गोष्ट सांगतो. २१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान याच चित्रपटाला मिळाला.

राय यांचा आक्षेप इथे कुठे लागू पडतो? माझ्या मते शेठच्या बाबतीत. देथांच्या गोष्टीत पैशावरचा चिमटा झणझणीत आहे. बाप आणि मुलगा दोघेही नफा-तोट्याशिवाय विचारच करू शकत नाहीत, आणि भुतालाही त्या घरात रोजच्या मोहरांच्या बोलीवर प्रवेश मिळतो. चित्रपटात हे सगळं सांगितलं जातं, पण त्याची धार बोथट होते. निवेदकाचा आवाज सगळ्यांवर सारखाच पसरतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला राय पूर्ण बरोबर वाटले. काही वर्षांनी पुन्हा पाहिला तेव्हा गोठलेल्या चित्रांकडे माझं लक्ष गेलं. ती बहुतेक वेळा वधूवर येतात. गोष्ट पुढे जाते आणि बाई फोटोसारखी भिंतीवर लटकून राहते. तिच्या नशिबावर याहून कडक भाष्य संवादातून झालं नसतं. मग तिसऱ्यांदा पाहिला आणि वाटलं की ही स्थिरचित्रं इतकी देखणी आहेत की बाईचं अडकणंच आपण डोळे भरून पाहत राहतो, आणि त्यात काहीतरी खुपतं. मी सध्या इथवर आले आहे.

‘दुविधा’वरचं एक मत चित्रपटाच्याच रूपात आलं. २००५ मध्ये अमोल पालेकर यांनी याच कथेवर ‘पहेली’ केला. सत्यदेव दुबे यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये १९७१ साली उभे राहिलेले पालेकर हे कौल यांच्याच पिढीचे, त्याच प्रायोगिक हवेत वाढलेले. त्यांनी मात्र गाणी घेतली, झगमगाट घेतला, शाहरुख खान आणि राणी मुखर्जी घेतले, आणि शेवट बदलला: भूत कोंडून राहत नाही, नवऱ्याच्या देहात शिरून वधूकडे परततं. (हेच शाहरुख खान सुरुवातीच्या काळात कौल यांच्या ‘इडियट’मध्ये होते.) दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर बाईला सुख द्यायचं की तिचं दुःख जसंच्या तसं ठेवायचं, यावरचा पालेकर आणि कौल यांचा मतभेद कुठल्याही परीक्षणापेक्षा स्वच्छ दिसतो. पालेकरांचा शेवट मला सोपा वाटतो. पण तो त्यांनी वधूच्या बाजूने केला आहे, हे मी नाकारणार नाही.

पुढचा प्रवास इथे थोडक्यात. तेंडुलकरांच्या नाटकावरच्या मराठी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये कौल यांचा सामूहिक दिग्दर्शनात वाटा होता. मग मुक्तिबोधांवरचा ‘सतह से उठता आदमी’, मग ‘ध्रुपद’, ‘सिद्धेश्वरी’, ‘नौकर की कमीज’. ६ जुलै २०११ ला ते गेले. या नंतरच्या चित्रपटांमुळे पहिल्या तिघांकडे मागे वळून पाहणाऱ्यांची एक नवी अडचण झाली आहे: त्यांना ‘उसकी रोटी’त ध्रुपद ऐकू येतं, जे तिथे अजून नव्हतं. सुरुवातीच्या कामाला उत्तरायुष्याच्या उजेडात वाचणं हा मोह आहे, आणि काही चांगल्या लेखांनाही तो आवरलेला नाही.

शेवटी निवडीविषयी. या चित्रपटांच्या प्रती कित्येक वर्षं इतक्या दुर्मिळ होत्या की पुष्कळ मतं एकाच खेळावर, फिल्म सोसायटीतल्या एका संध्याकाळीवर, कधी निव्वळ ऐकीव गोष्टींवर बेतलेली होती. चित्रपट न पाहता घेतलेली मतं मी बाजूला काढली, मग ती स्तुतीची असोत की निंदेची. ती काढल्यावर ढीग निम्म्याहून कमी उरला. आज हे चित्रपट मोबाइलच्या पडद्यावरही पाहता येतात; तरी ‘उसकी रोटी’ शक्य झालं तर मोठ्या पडद्यावर पाहावा, कारण त्या दोन भिंगांतला फरक हातातल्या पडद्यावर जवळजवळ पुसला जातो.

लेखांचा क्रम काळाप्रमाणे लावलेला नाही, चित्रपटाप्रमाणे लावला आहे, आणि प्रत्येक चित्रपटाच्या विभागात विरोधातला लेख आधी ठेवला आहे. ‘उसकी रोटी’च्या विभागातला पहिला लेखक चाळिसाव्या मिनिटाला सभागृहातून उठून गेला होता आणि तसं त्याने स्पष्ट लिहिलं आहे. त्या चाळीस मिनिटांत त्याने काय काय पाहिलं, ते मात्र त्याने बारकाईने टिपलं आहे: कणकेत रुतलेली बोटं, भिंतीवर सरकलेलं ऊन, आणि बसचा आवाज, जो बस दिसण्याच्या कितीतरी आधी येतो.